युद्धकैदी, त्याची पत्नी आणि मोटारीची पाटी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत प्रवास करणाऱ्या माणसाला तेथील मोटारींच्या नंबराच्या पाट्या वाचण्याचा छंद जडला, तर त्यात नवल नाही. प्रत्येक राज्याची पाटी निराळी, तिचा रंग निराळा, तिच्यावरील चित्रही निराळे. या पाट्यांत क्वचित अशी एखादी पाटी दिसते की, जिच्यावर आकड्यांच्या शेजारी 'एक्स-पीओडब्ल्यू', म्हणजे 'माजी युद्धकैदी', ही अक्षरे उमटविलेली असतात. या मोटारीचा मालक कधीकाळी शत्रूच्या बंदिवासात होता, एवढेच ती अक्षरे सांगतात. ती जे सांगत नाहीत ते असे की, या मोटारीची नोंदणी-फी बहुधा सरकारने माफ केलेली आहे. आणि हेही की, काही वेळा ती चालविणारी व्यक्ती तो कैदी नसून त्याची वृद्ध विधवा असते.

ही फी म्हणजे काही मोठी रक्कम नव्हे. तिच्या माफीने कोणाचे दारिद्र्य फिटत नाही आणि सरकारची तिजोरीही रिकामी होत नाही. मग एवढ्याशा सवलतीचा इतिहास तो काय सांगावयाचा, असे कोणी विचारील. परंतु कायद्याच्या पुस्तकांत ज्याचे दिवस गेले आहेत त्याला माफीच्या कलमांची एक खोड ठाऊक असते. कर बसविणारे कलम राज्याची गरज सांगते. माफीचे कलम राज्य कोणाचे ऋण मानते ते सांगते. युद्धात पकडला गेलेला माणूस हा राज्याचा ऋणको की धनको, या प्रश्नाचे उत्तर माणसांनी दोन हजार वर्षे निरनिराळे दिले आहे. मोटारीची ही पाटी हे त्यांपैकी एक अगदी अलीकडचे उत्तर आहे.

प्राचीन रोमचे उत्तर कठोर होते. ख्रिस्तपूर्व २१६ मध्ये कॅनीच्या रणांगणावर हॅनिबॉलने रोमन सैन्याचा धुव्वा उडविला. पकडलेल्या सैनिकांना पैसे घेऊन सोडण्याची तयारी त्याने दाखविली आणि कैद्यांचे प्रतिनिधी शपथेवर रोमला जाऊ दिले. रोमच्या सिनेटने खंडणी देण्यास साफ नकार दिला. विशेष असे की, त्याच वेळी सैन्यभरतीसाठी राज्याने सुमारे ८,००० गुलाम विकत घेऊन त्यांच्या हाती शस्त्रे दिली. म्हणजे प्रश्न केवळ पैशाचा नव्हता. शरण गेलेल्या नागरिकापेक्षा विकत घेतलेला गुलाम बरा, असाच त्या निर्णयाचा अर्थ होता.

तथापि रोमन कायदा हा रोमन सिनेटपेक्षा अधिक विचारी होता. कैद झालेला नागरिक कायद्याच्या दृष्टीने गुलाम होई व त्याचे सर्व हक्क संपत. पण तो राज्याच्या सीमेच्या आत परत आला की, ते हक्क पुन्हा जिवंत होत. या तत्त्वाच्या लॅटिन नावात 'उंबरठा' या अर्थाचा शब्द आहे. उंबरठा ओलांडून आत आला की माणूस पुन्हा घरचा होई. त्याला त्याची जमीन परत मिळे, मुलांवरील अधिकार परत मिळे. एकच गोष्ट आपोआप परत मिळत नसे, ती म्हणजे त्याचा विवाह. बंदिवासाने विवाह तुटे आणि तो पुन्हा जुळावयाचा तर उभयतांची नव्याने संमती लागे. वाट पाहत राहिलेल्या पत्नीचे कायद्याच्या लेखी काही स्थानच नव्हते.

हे पुरातन काळातील झाले, असे म्हणून आपण समाधान मानू लागलो, तर विसावे शतक आपल्याला जागे करते. जपानी सैन्याला १९४१ च्या जानेवारीत जी आचारसंहिता देण्यात आली, तिने बंदिवासाची लाज पत्करून जगण्याची मनाई केली होती. त्याच वर्षी १६ ऑगस्टला सोव्हिएट रशियात स्टालिनचा २७० क्रमांकाचा हुकूम निघाला. शरण जाणाऱ्या अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना अटक करावी आणि शरण जाणाऱ्या सैनिकांच्या कुटुंबांचे सरकारी साहाय्य बंद करावे, असे त्यात फर्मावले होते. स्टालिनचा स्वतःचा थोरला मुलगा याकोव्ह हा त्यापूर्वी एकच महिना जर्मनांच्या हाती सापडला होता. त्याच्या पत्नीला अटक झाली व तिला सुमारे दोन वर्षे तुरुंगात काढावी लागली. याकोव्ह १९४३ साली जर्मन छावणीतच मरण पावला. युद्ध संपल्यावर परत आलेल्या लक्षावधी रशियन कैद्यांकडे संशयाने पाहिले गेले, कित्येकांची रवानगी एका छावणीतून दुसऱ्या छावणीत झाली. त्यांचे हक्क पूर्णपणे परत देणारे फर्मान निघावयास १९९५ साल उजाडावे लागले. रोमने पत्नीकडे दुर्लक्ष केले होते. येथे तिला पतीच्या बंदिवासाची शिक्षा भोगावी लागली.

या पार्श्वभूमीवर अमेरिकेची हकीकत पाहण्यासारखी आहे. तिचाही आरंभ काही उदारपणाने झाला नाही. ९ एप्रिल १९४२ रोजी फिलिपिन्समधील बटान द्वीपकल्पावर अमेरिकन व फिलिपिनो सैन्याने जपानपुढे शस्त्रे ठेवली. उपाशी व हिवतापाने खंगलेल्या त्या सैनिकांना भर उन्हात मैलोगणती पायी नेण्यात आले. वाटेत हजारो मेले. या सैन्यात न्यू मेक्सिको या विरळ वस्तीच्या राज्यातील सुमारे १,८०० तोफची होते. एका विरळ वस्तीच्या राज्याचे एवढे तरुण एकदम शत्रूच्या हाती गेले होते. त्यांपैकी सुमारे निम्मेच पुढे घरी परतले. शरणागतीला आठवडाही झाला नव्हता तोच या मुलांच्या आईबापांनी अल्बुकर्क शहरात एकत्र येऊन 'बटान मदत संघटना' स्थापन केली. हीच संस्था पुढे 'अमेरिकन एक्स-प्रिझनर्स ऑफ वॉर' या नावाने माजी कैद्यांची देशव्यापी संघटना झाली. अमेरिकेत युद्धकैद्यांसाठी जे जे कायदे पुढे झाले, त्यांच्या मुळाशी असे घरी राहिलेल्या माणसांचे हात आहेत.

दुसऱ्या महायुद्धात जपानच्या हाती पडलेल्या सुमारे २७,००० अमेरिकन सैनिकांपैकी सुमारे ११,००० बंदिवासात मेले. युरोपात जर्मनीच्या हाती पडलेल्या सुमारे ९४,००० पैकी मेलेल्यांची संख्या १,१०० च्या आसपास होती. या दोन आकड्यांतील अंतर इतके बोलके आहे की, त्यावर भाष्य नको. युद्धानंतर १९४८ साली अमेरिकेच्या काँग्रेसने युद्धविषयक दाव्यांचा कायदा केला. जिनीव्हा करारानुसार जे अन्न मिळावयास हवे होते ते ज्या ज्या दिवशी मिळाले नाही, त्या प्रत्येक दिवसापोटी कैद्याला एक डॉलर द्यावा, असे त्यात ठरले. पुढे सक्तीची मजुरी व अमानुष वागणूक यांपोटी दिवसाला आणखी दीड डॉलर देण्यात आला. हा पैसा जर्मनी व जपान यांच्या जप्त केलेल्या मालमत्तेतून आला. कैदी मरण पावला असल्यास त्याच्या विधवेला, मुलांना किंवा आईबापांना ती रक्कम मागता येत असे. हिशेब चोख होता. पण तो उपासमारीच्या दिवसांचा हिशेब होता. बंदिवास ही देशसेवाच होय, असे अजून कोणी म्हटले नव्हते.

किंबहुना पुढच्याच युद्धाने उलटा वारा वाहिला. कोरियात पकडल्या गेलेल्या सुमारे ७,१०० अमेरिकनांपैकी सुमारे २,७०० मेले. परंतु लोकांच्या लक्षात राहिले ते मायदेशी परतण्यास नकार देणारे २१ जण. शत्रूच्या दबावाखाली निवेदने करणाऱ्या कैद्यांची चौकशी झाली, काहींवर खटले भरले गेले. आणि ऑगस्ट १९५५ मध्ये अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी सैनिकांसाठी, कैदेतही कसे वागावे याची, आचारसंहिता जारी केली. जो परत आला तो निर्दोष असेलच असे नाही, हा संशय अशा रीतीने अमेरिकेच्याही मनात शिरला होता.

तो संशय दूर करण्याचे श्रेय मुख्यतः काही स्त्रियांकडे जाते. सप्टेंबर १९६५ मध्ये नौदलाचे वैमानिक जेम्स स्टॉकडेल यांचे विमान उत्तर व्हिएतनामवर पडले आणि ते पकडले गेले. त्यांच्या पत्नी सिबिल यांच्यावर चार मुलांचा भार पडला. कैद्यांच्या बायकांना त्या काळी सरकारचा सल्ला एकच असे: गप्प राहा, बोलाल तर पतीला धोका होईल. पती जिवंत की मृत ते ठाऊक नाही. घर त्याच्या नावावर, मोटार त्याच्या नावावर. त्याने जाताना करून दिलेल्या मुखत्यारपत्राची मुदत संपत आलेली. साध्या सरकारी अर्जावरील 'पतीची सही' ही रिकामी ओळ अशा घरांत केवढी मोठी असते, याची कल्पना कचेरीतल्या माणसाला सहसा येत नाही. सिबिल स्टॉकडेल यांनी प्रथम आपल्या भागातील अशा बायकांना एकत्र आणले. १९६८ साली त्यांनी वृत्तपत्रातून उघडपणे तोंड उघडले. मे १९६९ मध्ये सरकारनेही मौनाचे धोरण सोडले आणि १९७० साली या कुटुंबांचा राष्ट्रीय संघ वॉशिंग्टन येथे रीतसर स्थापन झाला. १९७३ च्या वसंत ऋतूत ५९१ कैदी परत आले तेव्हा साऱ्या देशाने त्यांचे स्वागत केले. ज्या युद्धाविषयी देश दुभंगलेला होता, त्या युद्धातील हे कैदी मात्र दोन्ही बाजूंना आपले वाटले. जेम्स स्टॉकडेल साडेसात वर्षांनी घरी आले.

यानंतर कायदे बदलू लागले. १४ ऑगस्ट १९८१ रोजी माजी युद्धकैद्यांच्या सवलतींचा केंद्रीय कायदा झाला. बंदिवासानंतर जडणारे काही ठरावीक आजार हे बंदिवासामुळेच झाले आहेत असे गृहीत धरावे, पुराव्याचे ओझे रोग्यावर टाकू नये, हे तत्त्व त्याने विस्तारले. १९८५ साली युद्धकैद्यांसाठी स्वतंत्र पदक निर्माण झाले आणि ते पहिल्या महायुद्धापासूनच्या कैद्यांना लागू करण्यात आले. १९९९ च्या कायद्याने पत्नीचा विचार झाला: पूर्णपणे अपंग ठरलेला माजी कैदी मृत्यूपूर्वी एक वर्षभर तसा असला, तरी त्याच्या मागे राहिलेल्या जोडीदाराला भरपाईचे निवृत्तिवेतन मिळावे, असे ठरले. इतरांसाठी ही मुदत सामान्यतः दहा वर्षांची होती.

निवृत्तिवेतन, औषधोपचार व पदके हे केंद्र सरकारचे अधिकार. मग राज्यांनी काय द्यावे? ज्यावर त्यांची सत्ता चालते ते त्यांनी दिले. मोटारींची नोंदणी हा अमेरिकेत पहिल्यापासून राज्यांचा विषय आहे. १९०१ साली न्यूयॉर्क राज्याने एक डॉलर फी घेऊन मोटारींची नोंद सुरू केली. तेव्हा मालकाने आपल्या नावाची आद्याक्षरे स्वतःच करून गाडीला लावावयाची असत. १९०३ पासून मॅसॅच्युसेट्सने सरकारी पाट्या देण्यास आरंभ केला. पुढे ही नोंदणी ठरावीक मुदतीने नवी करावयाची व दर वेळी फी भरावयाची, ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. म्हणून व्हिएतनामचे कैदी परतल्यानंतरच्या काळात एकामागून एक राज्यांनी माजी युद्धकैद्यांना विशेष पाटी दिली आणि पुष्कळ राज्यांनी तिच्याबरोबर फी माफ केली. निवृत्तिवेतन बँकेत जमा होते. ते शेजाऱ्याला दिसत नाही. पदक पेटीत राहते. पाटी मात्र रोज रस्त्यावर असते. ज्या गोष्टीची एके काळी लाज बाळगली जाई, ती येथे राज्याने स्वतः छापून गाडीवर लावली, हा या सवलतीतील खरा नवा अर्थ आहे.

या कलमांची रचना साधारण एकाच धर्तीची असते. अर्जदार त्या राज्याचा रहिवासी असावा, सैन्यातून सन्मानाने मुक्त झालेला असावा, त्याने बंदिवासाचा दाखला द्यावा. सवलत बहुधा एकाच खाजगी वाहनापुरती असावी, भाड्याच्या गाडीला नसावी. आणि मग ते वाक्य येते, ज्यासाठी एवढा सारा इतिहास सांगितला. फ्लॉरिडाच्या कायद्यात ही पाटी माजी युद्धकैद्याला अथवा 'पुनर्विवाह न केलेल्या हयात जोडीदाराला' मिळते. इतर अनेक राज्यांतही पतीच्या मागे पत्नीला पाटी ठेवून घेता येते. जिचा विवाह रोमन कायद्याने मोडीत काढला होता, जिला स्टालिनच्या हुकमाने तुरुंग दाखविला होता, तिला येथे बंदिवासाच्या सन्मानातील वारस मानले आहे. अर्थात पुनर्विवाहाची अट काही ठिकाणी आहेच. कृतज्ञतेलाही कायदा कोठेतरी कुंपण घालतोच.

हे कुंपण कोठे घालावयाचे, हाच अशा प्रत्येक कायद्यातील अवघड भाग होय. युद्धकैदी म्हणावे तरी कोणाला? १९८१ च्या कायद्यातील काही लाभांना किमान ३० दिवसांच्या बंदिवासाची अट होती. २००३ साली काही आजारांपुरती ती काढून टाकण्यात आली. एकोणतिसाव्या दिवशी सुटलेल्याची दुःस्वप्ने तिसाव्या दिवशी सुटलेल्याहून सौम्य असतात काय, या प्रश्नाला उत्तर नव्हते. जानेवारी १९६८ मध्ये उत्तर कोरियाने 'प्वेब्लो' हे अमेरिकन जहाज पकडले. त्यावरील ८२ खलाशांनी अकरा महिने मारहाण सोसली. पण त्या वेळी दोन्ही देशांत युद्ध चालू नव्हते, म्हणून ते 'स्थानबद्ध' ठरले, युद्धकैदी नव्हे. १९८९ साली कायदा दुरुस्त झाल्यावर, म्हणजे घटनेनंतर दोन दशके लोटल्यावर, त्यांना ते पदक मिळाले. शिवाय दाखल्यांचा प्रश्न होताच. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुई येथील लष्करी दप्तरखान्याला लागलेल्या आगीत १ कोटी ६० लाखांहून अधिक सैनिकांची सेवापत्रे जळाली; १९१२ ते १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या भूसैनिकांचे बहुतांश दप्तर त्यात गेले. ज्या वर्षी व्हिएतनामचे कैदी परतले, त्याच वर्षी त्यांच्या वडिलांच्या पिढीचे पुरावे राख झाले. पुढे ज्यांना सवलत मागावयाची होती, त्यांना जुनी पत्रे व सोबत्यांच्या साक्षी शोधीत बसावे लागले.

या व्याख्येचा चटका आपल्याकडील माणसांनाही बसला आहे. नोव्हेंबर २००० मध्ये ब्रिटिश सरकारने जपानच्या कैदेतून वाचलेल्या आपल्या माजी कैद्यांना, आणि कैदी हयात नसल्यास त्यांच्या जोडीदारांना, प्रत्येकी १०,००० पौंड देण्याचे जाहीर केले. परंतु त्याच छावण्यांत राहिलेल्या गुरखा सैनिकांना वगळण्यात आले. कारण युद्धाच्या वेळी ते हिंदी सेनेत होते, आणि १९५० नंतर झालेल्या वाटपात हिंदी सेनेचा समावेश नव्हता. तीन वृद्ध गुरखे लंडनच्या न्यायालयात गेले. नोव्हेंबर २००२ मध्ये न्यायालयाने ही वगळणूक तर्कविसंगत व समतेच्या तत्त्वाला बाधक ठरविली. जुन्या फाइलीतील भेद नव्या फाइलीत न पाहता उतरवून घेतला, की काय होते याचे हे उदाहरण प्रत्येक कचेरीत सांगण्यासारखे आहे.

आपल्या राज्यघटनेतही वाहनांवरील कर हा राज्यसूचीतील विषय आहे. म्हणजे अमेरिकेतील राज्यांनी जे केले ते करण्याची वाट आपल्या राज्यांनाही मोकळी आहे. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानच्या हाती सापडलेले आपले सैनिक व वैमानिक १ डिसेंबर १९७२ रोजी वाघा सरहद्दीवरून परत आले. त्यांत रावळपिंडीच्या छावणीतून दोन सहकाऱ्यांसह निसटून थेट लंडीकोटलपर्यंत मजल मारणारे, व तेथे पुन्हा पकडले गेलेले, दिलीप परुळकर होते. अशांना मोटारीवर विशेष पाटी दिली असती, तर ती पाहून कोणाही मराठी माणसाची मान उंचावली असती.

परंतु परुळकरांच्या नावाबरोबर दुसरे एक मराठी नाव आठवल्यावाचून राहत नाही. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे हे डिसेंबर १९७१ मध्ये मोहिमेवर गेले ते परतले नाहीत. पकडलेल्या वैमानिकांच्या यादीत त्यांच्या नावाशी जुळणारे नाव तिकडील एका वृत्तपत्रात छापून आले होते. भारत सरकारच्या यादीत असे ५४ जण आहेत. हे आपल्या कैदेत असल्याचे पाकिस्तानने कधीच मान्य केले नाही. २००७ साली नातेवाइकांचे एक शिष्टमंडळ तिकडील तुरुंग पाहून आले. हाती काही लागले नाही. तांबे यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनमधील अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. त्यांनी पतीचा शोध कित्येक दशके चालू ठेवला. पानिपतानंतर सदाशिवराव भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य मानले नाही, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. दोन शतकांनंतरही तो प्रश्न त्याच शब्दांत उभा राहतो.

अमेरिकेतील ते कलम दोघांसाठी लिहिलेले आहे: जो परत आला त्याच्यासाठी, आणि जो परत येऊन पुढे वारला त्याच्या पत्नीसाठी. अर्जासोबत एक तर बंदिवासाचा दाखला हवा, नाही तर मृत्यूचा. जिच्यापाशी या दोहोंपैकी एकही कागद नाही, तिच्यासाठी त्या कलमात जागा नाही. तिला फीमाफी नकोही असेल. तिच्या पत्राला उत्तर जावे, तिच्या माणसाचे नाव यादीतून गळू नये, आणि ती फाइल बंद झाली असे कोणी लिहू नये, एवढे मात्र कोणत्याही सरकारला करता येण्याजोगे आहे.